स्वतंत्रपूरचा तुरुंग आणि निर्भाव मन : मेंदूविज्ञानाच्या दृष्टीने काही विचार

माणदेशातील आटपाडी गावाजवळ स्वतंत्रपूर नावाची एक लहानशी वसाहत आहे. तिला तुरुंग म्हणावे तर भोवती तट नाही. खेडे म्हणावे तर तेथील कर्ते पुरुष न्यायालयाने शिक्षा ठोठावलेले बंदी आहेत. आटपाडी हा पूर्वी औंध संस्थानचा महाल होता. राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविण्याचा जो प्रयोग महात्मा गांधींच्या सल्ल्याने ह्या संस्थानात १९३९ साली सुरू झाला, त्याच वर्षी ही वसाहत स्थापन झाली. संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन ऊर्फ भारतानंद ह्यांची नावे तिच्याशी निगडित आहेत. खुनासारख्या गुन्ह्यासाठी दीर्घ मुदतीची शिक्षा झालेल्या माणसांना भिंतीबाहेर आणावे, त्यांच्या हाती शेतीची अवजारे द्यावीत, बायकामुलांसह राहू द्यावे, आणि ती पळून जाणार नाहीत ह्याबद्दल त्यांच्या शब्दाखेरीज दुसरे तारण मागू नये, अशी ही कल्पना. १९४८ साली संस्थान विलीन झाले. आटपाडी प्रथम दक्षिण सातारा जिल्ह्यात आली, आणि १९६० साली त्याच जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. राज्ये बदलली तरी वसाहत मोडली नाही. महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे ती आजही आहे.

ह्या प्रयोगाची कीर्ती सर्वदूर गेली ती चित्रपटामुळे. ग. दि. माडगूळकर हे ह्याच भागातले. त्यांच्या कथेवरून व्ही. शांताराम ह्यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला व पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. सहा खुनी कैदी आणि त्यांना उघड्या माळावर घेऊन जाणारा जेलर आदिनाथ ह्यांची ती कथा. कैदी पळून जाऊ पाहतात, परंतु आदिनाथाचे डोळे त्यांना जाऊ देत नाहीत. रसिकांनी ह्याकडे कवीची कल्पना म्हणून पाहिले. मानसशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र त्यात एक नेमका प्रश्न दिसतो. समोर पहारेकरी नसताना, कोणीही पाहत नसताना, दुसऱ्याचे डोळे माणसाच्या मनात कसे उघडे राहतात? मेंदूत हे काम कोठे चालते? ज्याच्या मनात असे डोळे उघडतच नाहीत असा मनुष्य असतो काय? आणि असल्यास, केवळ शब्दावर चालणाऱ्या वसाहतीने त्याला ओळखावे कसे?

प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. स्वतंत्रपुरात राहिलेल्या किंवा राहणाऱ्या कोणा व्यक्तीचे निदान करणे हा लेखाचा हेतू नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. पाश्चात्त्य मानसशास्त्रात ज्याला 'सायकोपॅथ' म्हणतात, त्याला आपल्याकडे 'मनोविकृत', 'माथेफिरू' अशी नावे सर्रास दिली जातात. ही नावे दिशाभूल करणारी आहेत. रामन राघव ह्याचेच उदाहरण घ्यावे. मुंबईच्या उपनगरांत रस्त्याकडेला झोपलेल्या गोरगरिबांना ठार मारणारा हा इसम १९६८ साली पकडला गेला. तज्ज्ञांच्या मंडळाने त्याची तपासणी केली तेव्हा त्याला दीर्घकालीन छिन्नमनस्कता असल्याचे दिसून आले. उच्च न्यायालयाने १९८७ साली त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली व १९९५ साली तो मरण पावला. छिन्नमनस्क माणसाचे वास्तवाशी असलेले नातेच तुटलेले असते. त्याला नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेले शत्रू दिसतात. सायकोपॅथचे तसे नसते. त्याचे वास्तवाचे भान शाबूत असते, तर्क बिनचूक असतो, बोलणे अनेकदा मोहक असते. आपण करतो ते कायद्याविरुद्ध आहे हे तो जाणतो. म्हणूनच भारतीय दंडसंहितेच्या कलम ८४ मध्ये जे संरक्षण वेडसर माणसाला होते, व आज भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे, ते त्याच्या उपयोगी पडत नाही. त्याला कमी असते ती बुद्धी नव्हे. चांगला प्रतिशब्द रूढ होईपर्यंत 'सायकोपॅथी' हाच शब्द ठेवून, वर्णनापुरते 'निर्भाव मन' म्हणावे असे आम्हांस वाटते. मात्र 'निर्भाव' हा शब्दही थोडा अतिशयोक्त आहे हे पुढे ध्यानात येईल.

बुद्धी शाबूत आणि वर्तन मात्र विवेकहीन अशी माणसे असतात, हे वैद्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून नमूद केले आहे. फ्रान्समध्ये पिनेल ह्याने 'प्रलापाविना वेड' असे त्याचे वर्णन केले. इंग्लंडमध्ये प्रिचर्डने १८३५ साली त्याला 'नैतिक वेड' म्हटले. परंतु आजच्या अर्थाने ह्या विषयाचा पाया घातला तो अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील मनोविकारतज्ज्ञ हर्व्ही क्लेक्ली ह्यांनी. १९४१ साली त्यांनी लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातच 'शहाणपणाचा मुखवटा' अशी कल्पना आहे. त्यांनी वर्णिलेली माणसे गोड बोलणारी, निर्धास्त, वचन देऊन ते सहज मोडणारी, लाज किंवा पश्चात्ताप न वाटणारी, प्रेमाचे शब्द वापरणारी पण प्रेम न करणारी अशी होती. त्यांतील पुष्कळजण तुरुंगात गेलेलेही नव्हते. पुढे कॅनडातील रॉबर्ट हेअर ह्यांनी वीस लक्षणांची मापनपट्टी तयार केली; तिची सुधारलेली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. प्रत्येक लक्षणास शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण चाळीस, तीस व त्यावर गुण मिळाल्यास सायकोपॅथी आहे असे धरण्याचा तेथे प्रघात आहे. मुलाखतीवरून व कागदपत्रांवरून, तेही प्रशिक्षित परीक्षकानेच, हे गुण द्यावयाचे असतात.

ह्या पट्टीची एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. तिच्यातील काही लक्षणे भावनेविषयीची आहेत: पश्चात्तापाचा अभाव, उथळ भावना, कठोरपणा, फसवेगिरी. इतर लक्षणे वर्तनाविषयीची आहेत: उतावीळपणा, बेजबाबदारपणा, लहानपणापासूनचे गुन्हे. वर्तनाची लक्षणे तुरुंगात पुष्कळांपाशी सापडतात. भावनेची लक्षणे त्या मानाने थोड्यांत. उत्तर अमेरिकेतील तुरुंगांत अर्ध्याहून अधिक बंदी समाजविरोधी व्यक्तिमत्त्वाच्या व्याख्येत बसतात, पण हेअर ह्यांच्या पट्टीने सायकोपॅथ ठरणारे सुमारे पंचमांश किंवा त्याहूनही कमी असतात. गुन्हेगार आणि सायकोपॅथ हे समानार्थी शब्द नव्हेत, हे ह्यावरून स्पष्ट व्हावे.

आता ह्या माणसांच्या भावनाव्यापारात नेमके काय वेगळे असते, ते पाहू. ह्या बाबतीतला पहिला उत्तम प्रयोग डेव्हिड लिकन ह्यांनी अमेरिकेत केला, आणि योगायोग असा की तो 'दो आँखें'च्याच वर्षी, १९५७ साली, प्रसिद्ध झाला. प्रयोगाची रचना साधी पण चतुर होती. बंद्यापुढे एक यंत्र ठेवलेले. त्यावर चार खटके. वीस पायऱ्यांचा एक मार्ग शिकावयाचा. प्रत्येक पायरीवर चारांपैकी एकच खटका बरोबर. उरलेल्या तीन चुकीच्या खटक्यांपैकी एक दाबला की विजेचा झटका बसे. दुसरे दोन दाबले तर नुसती चूक नोंदली जाई. म्हणजे बंदी दोन गोष्टी एकाच वेळी शिकू शकत होता: बरोबर मार्ग, जो त्याला शिकावयास सांगितला होता, आणि झटका टाळणे, जे त्याला कोणी सांगितले नव्हते. मार्ग सर्वांनी सारखाच शिकून घेतला. सामान्य माणसे झटक्याचा खटकाही नकळत टाळू लागली. क्लेक्लीच्या वर्णनात बसणारे बंदी मात्र तो फारसा टाळीत नव्हते. बुद्धी तीच, झटका तोच, वेदनाही तीच. परंतु वेदनेची आठवण पुढच्या वेळी हात मागे ओढीत नव्हती.

१९६० नंतरच्या दशकात हेअर ह्यांनी हाच धागा पुढे नेला. बंद्याला एकापासून बारापर्यंत अंक क्रमाने दाखवावयाचे आणि आठ हा अंक आला की झटका बसेल हे आधीच सांगून ठेवावयाचे. सामान्य माणसाच्या तळहाताला पाच-सहा ह्या अंकांपासूनच घाम येऊ लागतो व त्वचेची विद्युद्वाहकता वाढत जाते. सायकोपॅथ बंद्यांच्या त्वचेत ही वाढ उशिरा व अल्प होते. येणाऱ्या संकटाचे ज्ञान त्यांना असते. त्याची धास्ती त्यांच्या शरीरात उतरत नाही. आपल्याकडे 'पोटात गोळा येणे', 'काळजात धस्स होणे' असे वाक्प्रचार आहेत. भय ही केवळ विचाराची नव्हे तर शरीराची गोष्ट आहे, हे भाषेने प्रयोगशाळेच्या फार आधी ओळखले होते.

पुढे १९९३ साली ख्रिस्तोफर पॅट्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दचकण्याचा अभ्यास केला. अचानक मोठा आवाज झाला की डोळ्याची पापणी मिटते. भयंकर चित्र पाहत असताना तोच आवाज झाला तर ती अधिक जोराने मिटते. सायकोपॅथ बंद्यांत हे अधिक दचकणे दिसले नाही. जेम्स ब्लेअर ह्यांनी इंग्लंडमध्ये १९९७ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याहून मोलाचा आहे. धोक्याची चित्रे दाखविली असता सायकोपॅथ बंद्यांची त्वचा इतर बंद्यांसारखीच प्रतिसाद देत होती, पण दुःखाने रडणाऱ्या चेहऱ्यांना ती फारच थोडा प्रतिसाद देई. दुसऱ्याचे अश्रू त्यांना दिसत होते व ओळखताही येत होते. शब्दांच्या बाबतीतही असेच आढळले आहे. पडद्यावर अक्षरे दाखवून हा शब्द आहे की नाही एवढेच सांगावयास सांगितले, तर सामान्य माणूस भावनेने भारलेला शब्द साध्या शब्दापेक्षा लवकर ओळखतो, आणि त्याच्या मेंदूच्या विद्युल्लहरींतही फरक दिसतो. 'आई' आणि 'फळी' ह्या दोन शब्दांत आपल्या मेंदूला जो भेद जाणवतो, तो सायकोपॅथच्या मेंदूला पुरेसा जाणवत नाही.

ह्या सर्व प्रयोगांत एक अपवाद आहे व तो विसरता कामा नये. १९७० साली श्माउक ह्यांनी लिकनचाच प्रयोग थोडा बदलून केला. शिक्षा म्हणून झटक्याऐवजी काहींच्या हातचे पैसे काढून घेतले. तेव्हा सायकोपॅथ बंदीही चुकीचा खटका टाळण्यास चांगले शिकले. म्हणजे ही माणसे शिकूच शकत नाहीत असे नाही. जी हानी त्यांना हानी वाटते तिच्यापासून ती शिकतात.

मेंदूच्या अंतरंगात डोकावण्याची साधने विसाव्या शतकाच्या शेवटी हाती आली. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानशिलाच्या आत खोलवर, बदामाच्या आकाराचा एकेक पेशीसमूह आहे. बदामाच्याच ग्रीक नावावरून त्याला अमिग्डला म्हणतात. एखाद्या वस्तूशी सुखदुःख जोडण्याच्या कामात त्याचा मोठा वाटा आहे: चटका बसला की विस्तवाशी भय जोडले जाते, ते तेथे. कपाळामागे, डोळ्यांच्या खोबणींच्या वर, ललाटखंडाचा खालचा व मधला भाग आहे. निर्णय करताना ही जोडणी विचारात घेण्याचे काम तो करतो. दोहोंना जोडणारा तंतूंचा एक वाकडा जुडगा आहे. केंट कील व हेअर ह्यांनी २००१ साली दाखवून दिले की भावनाप्रधान शब्दांशी संबंधित कार्य करताना सायकोपॅथ बंद्यांच्या मेंदूतील अमिग्डला व तिच्याशी निगडित भागांत क्रिया कमी होते. जर्मनीत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भयाचे अभिसंधान होत असतानाही असेच चित्र दिसले. २०११ साली विस्कॉन्सिनमधील बंद्यांवर झालेल्या अभ्यासात ललाटखंडाचा वर सांगितलेला भाग व अमिग्डला ह्यांतील दुवा क्षीण असल्याचे आढळले.

ब्लेअर ह्यांची उपपत्ती थोडक्यात अशी मांडता येईल. लहान मूल खेळता खेळता दुसऱ्याला ढकलते. ते पडते, रडते. त्याचा रडवेला चेहरा पाहून ढकलणाऱ्याचाही चेहरा उतरतो. आई म्हणते, 'बघ, लागलं ना त्याला?' असे शेकडो वेळा घडले की ढकलण्याची नुसती कल्पनाही अप्रिय होऊन बसते. नीतीचा पहिला धडा उपदेशाने मिळत नाही, दुसऱ्याच्या चेहऱ्याने मिळतो. ज्या मुलाच्या मेंदूत रडवेल्या चेहऱ्याचे दुःख उमटतच नाही, त्याला नियम पाठ होतात. त्या नियमांना धार येत नाही. आदिनाथाचे डोळे त्याच्या मनात का उघडणार नाहीत, ह्याचे हे एक उत्तर झाले.

परंतु हे उत्तर पूर्ण आहे असे मानण्याची घाई करू नये. आयोवा येथे एक स्त्री अभ्यासली गेली आहे. एका दुर्मिळ आनुवंशिक रोगाने तिचे दोन्ही अमिग्डला नष्ट झाले. तिला सापाचे भय वाटत नाही, भ्यालेला चेहरा ओळखता येत नाही. पण ती क्रूर नाही, कपटी नाही. तेव्हा केवळ अमिग्डला नसल्याने सायकोपॅथी होते असे म्हणता येत नाही. तेथेच अभ्यासलेल्या दुसऱ्या दोन व्यक्तींच्या ललाटखंडाला वयाच्या सोळा महिन्यांच्या आतच इजा झाली होती. मोठेपणी त्या खोटे बोलणाऱ्या, चोऱ्या करणाऱ्या, पश्चात्तापहीन निघाल्या. चांगल्या घरात वाढूनही हे घडले. म्हणजे शिकण्याच्या वयात मार्ग तुटला तर परिणाम खोल होतो. ह्याउलट विस्कॉन्सिनचे जोसेफ न्यूमन ह्यांचे म्हणणे असे की दोष भावनेत नसून अवधानात आहे: सायकोपॅथ एखाद्या उद्दिष्टामागे लागला की बाजूच्या खुणा त्याच्या नजरेतच येत नाहीत. त्यांनी बंद्यांना मुद्दाम धोक्याच्या खुणेकडेच लक्ष द्यावयास लावले, तेव्हा त्यांचे दचकणे इतरांसारखेच झाले! नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अठरा सायकोपॅथ गुन्हेगारांना एकमेकांना दुखविणाऱ्या हातांच्या चित्रफिती दाखविल्या. आपणहून पाहताना त्यांच्या मेंदूत सहानुभूतीशी संबंधित क्रिया कमी दिसली. 'ह्या माणसाला काय वाटत असेल ते अनुभवा' असे सांगताच तो फरक पुष्कळ घटला. 'निर्भाव' शब्द अतिशयोक्त आहे असे वर म्हटले ते ह्यामुळे. दिवा नाही असे नव्हे. तो आपोआप लागत नाही.

ह्या ज्ञानाच्या प्रकाशात आता स्वतंत्रपुराकडे परत येऊ. 'खुनी' हा शब्द ऐकताच आपल्यापुढे थंड रक्ताचा मनुष्य उभा राहतो. वास्तवात आपल्या ग्रामीण भागातील खून पाहावेत तर त्यांच्या मुळाशी बांधाचा तंटा, पाण्याची पाळी, भाऊबंदकी, अब्रूची समजूत, दारूच्या भरातली बाचाबाची हीच कारणे पुष्कळदा असतात. ह्या माणसांत भावनेचा अभाव नसतो. भावनेने त्यांना त्या क्षणी गिळलेले असते. एड्रियन रेन ह्यांनी १९९८ साली खुनाच्या आरोपींच्या मेंदूंची तुलना केली. आवेगाने खून करणाऱ्यांत ललाटखंडाची क्रिया कमी व खोलवरच्या भावनाकेंद्रांची जास्त होती. योजून खून करणाऱ्यांत ललाटखंड जवळजवळ सामान्य माणसासारखाच काम करीत होता. पुण्यात १९७६-७७ साली झालेले जोशी-अभ्यंकर खूनसत्र व बांधावर कुऱ्हाड उचललेला शेतकरी हे कायद्याच्या एकाच कलमाखाली येतात, पण मानसशास्त्राच्या दृष्टीने एका वर्गात बसत नाहीत.

आवेगाने खून केलेल्या माणसाला वर्षानुवर्षे त्या क्षणाचा पश्चात्ताप खात असतो. त्याला शब्द मोडण्याची लाज वाटते, बायकोच्या डोळ्यांची भीती वाटते, जेलरचा विश्वास हे ओझे वाटते. अशा माणसाला भिंतीची गरज कमी, हे औंधकरांनी कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय ओळखले, आणि आमच्या मते ते अचूक ओळखले. स्वतंत्रपूर चालले ते गुन्हेगारांच्या हृदयपरिवर्तनाच्या चमत्काराने नव्हे. जे हृदय मुळात होते, त्याला तेथे काम मिळाले.

परंतु जेथे ते हृदय आपोआप चालत नाही, तेथे काय होते? कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील एका बंदिस्त मनोरुग्णालयात १९६० व ७० च्या दशकांत एक अनोखा उपक्रम चालला. रुग्ण-बंद्यांनीच एकमेकांवर उपचार करावयाचे, तासन्‌तास एकमेकांपुढे मन उघडे करावयाचे. पुढे १९९२ साली राइस, हॅरिस व कॉर्मिए ह्यांनी सुटलेल्यांचा मागोवा घेतला. सायकोपॅथ नसलेल्यांनी नंतर हिंसेचे गुन्हे कमी केले. सायकोपॅथांनी, असे उपचार न मिळालेल्या सायकोपॅथांपेक्षा, अधिक केले. दुसऱ्याच्या मनाचे दुबळे कोपरे कोठे असतात एवढेच जणू ते तेथे शिकले. ह्या उपक्रमाच्या काही पद्धती आजच्या दृष्टीने अघोरी होत्या, मादक द्रव्येही वापरली जात. म्हणून हा निष्कर्ष सरसकट लागू करता येत नाही. स्वतंत्रपुरातील नांगर-कुदळीची दिनचर्या ही अगदी वेगळी चीज आहे. तरीही सावधगिरीची सूचना त्यात आहे.

अडचण निवडीची आहे. खुल्या तुरुंगात कोणाला पाठवावयाचे हे ठरविताना बंदिस्त तुरुंगातील चांगली वागणूक पाहिली जाते. चांगली वागणूक ही तर सायकोपॅथची हातची विद्या! कॅनडातच २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पोर्टर व सहकाऱ्यांच्या अभ्यासात, मुदतीपूर्वी सशर्त सुटका मिळविण्यात सायकोपॅथ बंदी इतरांपेक्षा सुमारे अडीचपट यशस्वी ठरले, जरी सुटल्यावर पुन्हा गुन्हे करण्यात तेच पुढे होते. अनुभवी मंडळेही गोड पश्चात्तापाला भुलली. उलट, ज्याला बोलता येत नाही, जो खाली मान घालून उभा राहतो, असा माणदेशी शेतकरी अशा मंडळापुढे कमी पडण्याचीच शक्यता अधिक.

मग मेंदूचे चित्र काढूनच निवड का करू नये? हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. त्याचे उत्तर असे की वरील सर्व अभ्यास गटांच्या सरासरीचे आहेत. सायकोपॅथांच्या गटाची सरासरी इतरांहून वेगळी आहे, एवढेच त्यांवरून म्हणता येते. अमुक एका माणसाचे चित्र पाहून तो कोणत्या गटात बसतो हे सांगता येत नाही. शिवाय एका प्रयोगशाळेचे निष्कर्ष दुसरीत तसेच्या तसे मिळत नाहीत, आणि बहुतेक अभ्यास उत्तर अमेरिका व युरोपातील पुरुष बंद्यांवरचे आहेत. महाराष्ट्राला ह्या बाबतीत एक अनुभव येऊन गेलेला आहे. २००८ साली पुण्याच्या न्यायालयात खुनाच्या एका खटल्यात मेंदूच्या विद्युल्लहरींची चाचणी आरोपीविरुद्ध पुराव्यात धरली गेली व त्याची चर्चा जगभर झाली. दोनच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात, संमतीवाचून अशा चाचण्या करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. यंत्राने काढलेल्या आलेखापुढे माणसे फार लवकर नमतात.

आणखी एक जुना अनुभव आहे, आणि तो अधिक कटू आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने येथील कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. पारधी, कैकाडी अशा जमातींच्या लोकांना हजेरी द्यावी लागे. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. तो कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला, पण शिक्का पुसला गेला नाही. आटपाडीचेच शंकरराव खरात ह्यांनी ह्या जमातींच्या प्रश्नांवर लिहिले आहे. एकाच मुलखात दोन वसाहती होत्या असे म्हणता येईल: सोलापूरला ज्यांनी गुन्हा केला नाही त्यांच्याभोवती कुंपण, आणि आटपाडीला ज्यांनी केला त्यांच्याभोवती काहीच नाही. ह्यातील पहिली 'रक्तातच आहे' ह्या विचारावर उभी होती. 'मेंदूतच आहे' हा विचार त्याच वाटेने जाऊ शकतो. म्हणून सायकोपॅथी ही व्यक्तीची, तीही कमीअधिक प्रमाणात असणारी, लक्षणे आहेत. कुळाची, जातीची किंवा वस्तीची नव्हेत, हे वारंवार सांगावे लागते.

आनुवंशिकतेचा भाग त्यात आहे, हे मात्र नाकारता येत नाही. एसी व्हाइडिंग व सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील सात वर्षांच्या जुळ्या मुलांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध केला. कठोर व भावहीन लक्षणांतील भेदांपैकी सुमारे दोन तृतीयांश आनुवंशिक असल्याचे त्यात दिसले. परंतु आनुवंशिक म्हणजे अटळ नव्हे. ऑस्ट्रेलियातील मार्क डॅड्स ह्यांचे दोन निष्कर्ष येथे नमूद करण्याजोगे आहेत. अशी लक्षणे असलेल्या मुलांना भ्यालेला चेहरा ओळखता येत नाही, कारण ती समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहतच नाहीत. 'डोळ्यांकडे बघ' असे सांगितले की त्यांना तो ओळखता येतो. दुसरा निष्कर्ष डेव्हिड हॉज ह्यांच्यासह केलेल्या अभ्यासातला: ह्या मुलांवर शिक्षेचा, म्हणजे थोडा वेळ एकटे बसविण्याचा, परिणाम इतर मुलांपेक्षा कमी होतो, चांगल्या वागण्याबद्दल मिळणाऱ्या कौतुकाला व बक्षिसाला मात्र ती इतरांसारखीच दाद देतात. श्माउकच्या पैशाच्या प्रयोगाची येथे आठवण व्हावी. विस्कॉन्सिनमधील मेंडोटा येथील अतिहिंसक किशोरांच्या केंद्रातही, शिक्षा वाढवीत नेण्याऐवजी रोजच्या रोज मिळणाऱ्या लहान लहान सवलतींवर भर दिल्याने सुटकेनंतरची हिंसा कमी झाल्याचे आढळले आहे.

स्वतंत्रपूरच्या संदर्भात ह्याचा व्यावहारिक अर्थ असा. तेथील व्यवस्थेत दोन निरनिराळ्या गोष्टी प्रथमपासून एकत्र नांदत आल्या आहेत. एक म्हणजे विश्वास, जो लाजेवर, ममतेवर व दिलेल्या शब्दावर चालतो. दुसरी म्हणजे रोखीचा लाभ: बंदिस्त तुरुंगापेक्षा शिक्षेत मिळणारी अधिक सूट, हाताला काम, स्वतःच्या श्रमाचे पीक, कुटुंबाचा सहवास, आणि गैरवर्तन केल्यास हे सर्व गमावण्याचा धोका. आवेगाच्या भरात गुन्हा करून बसलेल्या माणसाला पहिली गोष्ट धरून ठेवते. निवडमंडळाच्या नजरेतून निसटून एखादा निर्भाव मनाचा बंदी तेथे पोचलाच, तर त्याला पहिलीचा स्पर्श होणार नाही. दुसरीचा होईल, आणि तोही लाभ जवळचा, ठळक व रोज मोजता येणारा असेल तरच. निवड करताना मंडळाने मुलाखतीतील पश्चात्तापाच्या भाषणाला कमी महत्त्व द्यावे, आणि बालपणापासूनची हकिकत, पूर्वीच्या फसवणुकी, गावात व घरात दिलेले शब्द पाळले की मोडले ह्यांची चौकशी अधिक करावी. तुरुंगातील शिपाई, बरोबरीचे बंदी व गावचा शेजारी ह्यांच्यापाशी ही माहिती असते. तिला यंत्र लागत नाही. आटपाडीच्या कार्तिकी जत्रेत खिलार बैल घेणारा शेतकरीसुद्धा विकणाऱ्याचे बोलणे ऐकून घेतो, आणि मग बैल ज्या गावचा असेल तेथे चौकशी करतो.